विश्लेषण : कारच्या परवान्यावर टेम्पो चालवता येतो का?

खिशात परवाना असला, म्हणजे कोणतेही वाहन चालवायला मोकळीक मिळाली असे नाही. परवान्यावर कोणता वर्ग नोंदवला आहे, यावर सारे ठरते. वर्ग चुकला तर दंड होतोच. पण अपघात झाल्यास भरपाईचा बोजा वाहनमालकावर येऊ शकतो.

परवान्यावरील अक्षरांचा अर्थ काय?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 10 मध्ये हे वर्ग दिले आहेत. ‘एमसीडब्ल्यूओजी’ म्हणजे विनागिअर दुचाकी, अर्थात स्कूटर. ‘एमसीडब्ल्यूजी’ म्हणजे गिअरची दुचाकी. ‘एलएमव्ही’ म्हणजे हलके मोटार वाहन; त्यात कार, जीप येतात. ‘ट्रान्स’ म्हणजे प्रवासी किंवा मालवाहतुकीचे वाहन. अपंगांसाठी बदल केलेली वाहने आणि रोड रोलर यांचे वर्ग वेगळे आहेत. फक्त स्कूटरचा परवाना असलेल्याने गिअरची मोटारसायकल चालवली, तर कायद्याच्या दृष्टीने ते विनापरवाना वाहन चालवणेच ठरते.

मग वाद कशाचा होता?

टॅक्सी किंवा छोटा टेम्पो वजनाने हलका असतो, पण वापर धंद्यासाठी होतो. अशा वाहनाला ‘एलएमव्ही’ परवाना पुरतो, की ‘ट्रान्सपोर्ट’ची वेगळी नोंद लागते? अपघातानंतर विमा कंपन्या नेमक्या याच मुद्द्यावर भरपाई नाकारत. 2017 मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वेगळी नोंद लागत नाही, असे सांगितले. त्यावर पुन्हा प्रश्न उपस्थित झाल्याने प्रकरण घटनापीठाकडे गेले.

घटनापीठाने काय ठरवले?

6 नोव्हेंबर 2024 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 2017 चा निकाल कायम ठेवला. न्या. हृषिकेश रॉय यांनी निकालपत्र लिहिले. एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असलेले वाहतुकीचे वाहन ‘एलएमव्ही’ परवान्यावर चालवता येते. वेगळी नोंद लागत नाही. अशा परवानाधारकांमुळे अपघात वाढल्याची ठोस आकडेवारी न्यायालयापुढे मांडली गेली नव्हती, हेही पीठाने नमूद केले. ई-रिक्षा आणि धोकादायक माल नेणाऱ्या वाहनांसाठीच्या खास अटी मात्र कायम आहेत.

वजन कोणते धरायचे?

इथेच गफलत होते. टेम्पो, ट्रक किंवा बससाठी ‘एकूण वजन’ धरतात, म्हणजे वाहन अधिक त्याला परवानगी असलेला कमाल भार. कार आणि ट्रॅक्टरसाठी मात्र रिकाम्या वाहनाचे वजन पाहतात. त्यामुळे ट्रक रिकामा आहे म्हणून तो ‘हलका’ ठरत नाही. हा आकडा आरसीवर छापलेला असतो. ‘छोटा हत्ती’ या मर्यादेत आरामात बसतो. दहा चाकी ट्रक बसत नाही.

जड वाहनासाठी काय लागते?

‘ट्रान्सपोर्ट’ वर्गाचा परवाना. त्यासाठी वय किमान 20 वर्षे हवे आणि शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी किमान एक वर्ष ‘एलएमव्ही’ परवाना हाती असावा लागतो. परवान्याची मुदत 5 वर्षे असते. धोकादायक मालासाठी 3 वर्षे. कारसाठी वयाची अट 18 वर्षांची आहे. पालकांच्या संमतीने सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त 50 सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीसाठी.

वर्ग चुकला तर?

2019 च्या दुरुस्तीनंतर चालकाला 5,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. जाणूनबुजून गाडी हाती देणाऱ्या मालकालाही तेवढ्याच शिक्षेची तरतूद आहे. दंडापेक्षा मोठा फटका पुढे बसू शकतो. अपघातग्रस्ताला विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायालये अनेकदा देतात. ही रक्कम लाखांत जाऊ शकते.

वाचकांनी काय करावे?

चालक ठेवताना त्याच्या परवान्यावरील वर्ग आणि मुदत, तसेच आरसीवरील एकूण वजन ताडून पाहा. निकालाने सवलत दिली ती परवान्याच्या वर्गापुरती. वाहनाचे परमिट, फिटनेस प्रमाणपत्र आणि विमा यांच्या अटी जशाच्या तशा आहेत.