ताट लाइनवरचं, काम खुर्चीतलं

जुलै २०२५ मध्ये समोसा आणि जिलेबी अचानक बातम्यांत आले. ‘सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा आता समोशावरही येणार’ अशा पोस्ट व्हॉट्सॲपवर फिरल्या, मीम्सचा पाऊस पडला. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला की, असं काही नाही. मूळ गोष्ट साधी होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जूनमध्ये सरकारी खात्यांना सुचवलं होतं की, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, लॉबीत, मीटिंग रूममध्ये कशात किती तेल आणि साखर आहे ते सांगणारे फलक लावा. समोशावर भांडून झालं आणि खरा विषय बाजूलाच राहिला. तो विषय होता, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने खायचं काय?

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात हा प्रश्न जरा वेगळा आहे. इथे ‘कंपनीत आहे’ म्हटलं की, डोळ्यांसमोर येतो तो मशिनवरचा ऑपरेटर. पण त्याच गेटमधून डिझाइन, परचेस, प्लॅनिंग, क्वालिटी, अकाउंट्सवाली मंडळीही आत जातात. त्यांचा दिवस एक्सेल, ईआरपी आणि कॉलवर संपतो. दुपारी मात्र सगळे एकाच कॅन्टीनच्या रांगेत असतात, हातात ताटही तेच.

फरक सहा चपात्यांचा

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था काय सांगते बघा. ६५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० कॅलरी पुरतात. तोच माणूस मध्यम कष्टाचं काम करत असेल तर २,७१० आणि अंगमेहनतीचं जड काम असेल तर ३,४७०. ५५ किलोच्या महिलेसाठी हेच आकडे १,६६०, २,१३० आणि २,७२० आहेत. म्हणजे बैठं काम आणि मध्यम कष्ट यांत पुरुषाच्या बाबतीत ६०० कॅलरींचा फरक पडतो. एका साध्या चपातीच्या साधारण १०० कॅलरी धरल्या, तर सहा चपात्या!

कंपनीच्या कॅन्टीनचा मेनू पूर्वीपासून आखला जातो तो लाइनवर उभं राहणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून, आणि ते बरोबरच आहे. आठ तास उभं राहून काम करणाऱ्याला पोटभर, गरम आणि स्वस्त जेवण मिळायलाच हवं. अडचण अशी की, डेस्कवरचा माणूसही तेच ताट तेवढंच भरून घेतो. सबसिडीचं जेवण आहे, भात हवा तेवढा आहे, मग कोण मोजतंय? आणि मग अडीच-तीनच्या मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागतात. घरापासून लांब राहणाऱ्या पोरापोरींची रात्रही मेसवरच निघते. तिथेही भात, बटाटा स्वस्त. उसळ, पनीर, अंडी महाग. त्यामुळे स्वस्तातलं तेच जास्त वाढलं जातं.

हा फक्त आपल्या पट्ट्याचा दोष नाही. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांच्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, म्हणजे भात, पोळी, साखर वगैरेंतून, असं त्यात दिसलं. याच पाहणीच्या २०२३ मधल्या अहवालानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हालचालीचंही तसंच. २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, असं ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधला अभ्यास सांगतो.

मग ताटात काय हवं?

पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये नवी आहार मार्गदर्शिका काढली. २,००० कॅलरींच्या दिवसाचा हिशेब त्यात दिलाय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्य ८५, भाज्या ४००, फळं १००, शेंगदाणे-बदामासारखा सुकामेवा आणि तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिली. धान्य आणि डाळी कच्च्या वजनाच्या धरायच्या. भात खाल्लाच नाही, तर २५० ग्रॅम म्हणजे दिवसभराच्या आठेक चपात्या. दुपारी चार चपात्यांवर भाताचा डोंगर घेतला, तर रात्रीसाठी फारसं काही उरत नाही.

आणि भाज्या? दिवसाला ४००! कांदा-बटाट्यासाठी नावाजलेला चाकणचा बाजार एमआयडीसीला लागूनच आहे, पण ताटात सॅलड म्हणून येतात कांद्याच्या दोन चकत्या आणि लिंबाची फोड.

खरी गोची होते ती चारच्या सुमाराला. मशिनचा गोड चहा, सोबत बिस्किटं, नाहीतर गेटबाहेरच्या टपरीवरचा वडापाव. साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, असं मार्गदर्शिका म्हणते. एका कपात दोन चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर असेल, तर तिसऱ्या कपालाच कोटा संपला.

‘संध्याकाळी जिम लावू’ हे उत्तर ऐकायला बरं वाटतं. पण पुणे-नाशिक हायवेवर, चाकणच्या तळेगाव चौकात रोज अडकणाऱ्याला विचारा, घरी पोचल्यावर जिमसाठी किती जीव उरतो! त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकानं-आस्थापनांतली ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम असले, तरी एका दिवसात खुर्चीत बसण्याची वेळ वाढू शकते. म्हणून जे बदलायचं, ते कामाच्या जागीच बदलायला हवं.

कायदा काय म्हणतो?

१९४८ च्या कारखाने कायद्यानुसार २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कॅन्टीनची सक्ती करता येत होती. पदार्थ कोणते, दर काय आणि व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी कसे असावेत, याचे नियम करण्याची तरतूदही त्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत कॅन्टीनसाठीची संख्या १०० वर आली आणि तीही कंत्राटी कामगार धरून. भोसरी-चाकणमधल्या मधल्या आकाराच्या व्हेंडर कंपन्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. शंभरच्या आतली युनिट्स मात्र अजूनही डबा आणि टपरीच्याच भरवशावर आहेत.

कॅन्टीन कमिटीत चर्चा सहसा चव, दर आणि गोड कधी यावर होते. ऑफिस स्टाफ तर तिकडे फारसा फिरकतही नाही. ‘ती युनियनची भानगड’ म्हणून सोडून देतो. पण मागायचंय ते फार महागडं नाही. रोज एक उसळ किंवा घट्ट वरण. पातळ आमटीला डाळ म्हणायचं नाही. वाटीभर कोशिंबीर. गोडाऐवजी ताकाचा पर्याय. मशिनमध्ये बिनसाखरेच्या चहाचं बटण. चारच्या चहाला फुटाणे, शेंगदाणे, उकडलेली अंडी. आणि ऑपरेटरच्या चपात्या कमी न करता ‘अर्धा भात’ मागायची सोय.

आपल्या हातातलंही आहेच. आधी उसळ-भाजी वाढून घ्यायची, भात शेवटी. कॉल असेल तर उभं राहून घ्यायचा. जेवल्यावर थेट खुर्ची गाठण्याआधी शॉप फ्लोअरला एक फेरी मारायची. क्वालिटी आणि प्लॅनिंगवाल्यांचं तर ते कामच आहे. डब्याची लाज बाळगायची नाही.

सरकारी ऑफिसांसाठी फलकांचा सल्ला तरी आला. खासगी कंपन्यांत तो आपणच मागायचा आहे. कॅन्टीन कमिटीची पुढची मीटिंग कधी आहे, एवढं एचआरला विचारलं तरी सुरुवात झाली म्हणायची.