वापसा नसताना टायर काय करील?

हिवाळा आला की इंग्लंडात दोन गोष्टी ठरलेल्या. एक, दुपारी चारला अंधार. दुसरी, माउंटन बाइकवाल्यांचा तो सनातन प्रश्न: "चिखलासाठी कुठलं टायर लावू?" पहिलीवर इलाज नाही. दुसरीवर इलाज म्हणून जे काही सांगितलं जातं ते ऐकून ऐकून कान किटले, म्हणून आज जरा भांडायलाच बसलोय. ज्यांना सायकलचं वेड नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. यात सायकल कमी आणि चिखल जास्त आहे :)

तर मंडळी, या प्रश्नावर तीन पंथ आहेत. पहिला म्हणतो, रुंद टायर घ्या. जितकं रुंद तितकी पकड, संपला विषय. दुसरा म्हणतो, अणकुचीदार खुंटांचं खास चिखलाचं टायर घ्या आणि निर्धास्त जा, कुठेही, केव्हाही. तिसरा पंथ 'खऱ्या गड्यांचा'. बारा महिने एकच टायर, घसरलो तर घसरलो, त्यातच कौशल्य वगैरे. तिघांचंही एका बाबतीत एकमत आहे. चिखल म्हणजे चिखल, एकच काहीतरी ओलं तपकिरी प्रकरण. माझं भांडण नेमकं इथेच आहे.

मराठी माणसाने तरी ही चूक करू नये! आपल्याकडे चिखलाला किती शब्द आहेत बघा. नुसता चिखल वेगळा, राड वेगळी, रेंदा वेगळा, गाळ वेगळा, दलदल वेगळी. कोकणातली तांबडी माती पावसात वाहून जाते, पण देशावरची काळी? ती चपलेला धरते, बैलगाडीच्या चाकाला धरते, आणि दहा पावलांत तुमच्या पायात दोन-दोन किलोचे बूट तयार होतात. ज्याने जुलैत काळ्या रानातून सायकल ढकलली आहे त्याला टायरचं शास्त्र निम्मं आधीच कळलेलं असतं. उरलेलं निम्मं इथे येऊन शिकता येतं.

मी चालवतो ते बहुतेक चिल्टर्न टेकड्यांमध्ये, लंडनच्या वायव्येला. खाली खडू, म्हणजे अक्षरशः पांढरा खडकच, आणि माथ्यावर गारगोट्या मिसळलेली चिकणमाती. वर बीचची जंगलं. म्हणजे एकाच फेरीत किती प्रकार भेटतात पाहा. माथ्यावरच्या जंगलवाटेवर वरती तीन-चार इंच पातळ रबडी आणि तिच्या खाली बऱ्यापैकी घट्ट जमीन. उतारावर ओला खडू, तो साबणाच्या वडीसारखा. मध्येच बीचची ओली मुळं, वाटेला तिरकी आडवी पसरलेली. आणि शेताच्या कडेने जाताना ती चिकट माती, आपल्या काळ्या मातीची गोरी बहीण. चारही 'चिखल', चौघांचं औषध वेगळं.

रबडी घ्या. तिच्याखाली घट्ट जमीन असेल तर टायरने रबडी कापून खाली पोचलं पाहिजे. इथे रुंद टायर उलटं काम करतं, ते वरच्या थरावर तरंगतं आणि सुकाणू नसलेल्या होडीसारखं जिकडे उतार तिकडे जातं. बेल्जियममध्ये सायक्लोक्रॉसच्या शर्यती ऐन हिवाळ्यात, शेतातल्या राड्यात होतात, आणि तिथे नियमाने टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. ३३ मिलिमीटर म्हणजे सव्वा इंचाच्या जरा वर! आणि आमचे रुंदपंथी २.६ इंचाखाली बोलायला तयार नाहीत. २६ इंची चाकांच्या जमान्यात ब्रिटनमध्ये पॅनारेसरच्या ट्रेलरेकर नावाच्या टायरवर लोकांचा फार जीव होता. ते दोन इंचाच्या आसपासच होतं, बारीक अंगाचं आणि उंच खुंटांचं. तेव्हाच्या लोकांना काही कळत नव्हतं असं नाही.

रुंदीचं दुसरं दुखणं टायरच्या बाहेर आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना फ्रेमच्या दांड्या असतात. टायर जितकं रुंद तितकी मधली फट कमी. त्या फटीत चिखल, त्यात बीचची पानं, त्यात एखादी काटकी असं गिलाव्याचं मिश्रण एकदा बसलं, की चाक फिरायचंच थांबतं. मग तुमचं सत्तर पौंडांचं टायर आणि तीन हजार पौंडांची सायकल तुम्ही खांद्यावर घेऊन चालता. (रुंद टायर वाईट असं म्हणत नाही. दगडांवर ते झकास, वाळूवर झकास, तळ न लागणाऱ्या मऊ जमिनीवर तर तेच हवं. पण तळ असलेल्या राड्यावर नाही.)

आता खुंटवाले. खास चिखलाची टायरं मोठ्या कंपन्यांची मिळतात, मॅक्सिसचं वेट स्क्रीम, श्वाल्बेचं डर्टी डॅन. उंच, टोकदार, दूर दूर लावलेले खुंट. दूर अशासाठी, की मधला चिखल चाक फिरताना आपोआप फेकला जावा. रबडीत ही टायरं खरोखर जादू करतात, यात वाद नाही. पण तेच टायर घेऊन ओल्या मुळांवर जा. उंच खुंट मुळावर वाकतात, रबर जमिनीला टेकतं जेमतेम चार टोकांवर, आणि पुढचं चाक काही कळायच्या आत बाजूला. डांबरी रस्त्यावर घरी येताना तर ट्रॅक्टर चालवल्याचा भास होतो. शर्यतीतले मेकॅनिक म्हणूनच वर्षानुवर्षं पक्कड घेऊन हे खुंट अर्धे छाटत आले आहेत. मॅक्सिसचं शॉर्टी हे त्या छाटलेल्या खुंटांचंच कारखान्यातून आलेलं रूप म्हणायचं. ज्यांच्या हाती पदकं असतात ते लोक सुरी घेऊन टायर कमी करतात आणि आपण मात्र जास्तीत जास्त उंच खुंट शोधत फिरतो, याची मला गंमत वाटते.

आणि ती चिकट माती? तिच्यावर कुठलंच टायर चालत नाही. कुठलंच नाही. खुंट कितीही दूर लावा, अर्ध्या मिनिटात टायर मातीने लिंपलं जातं आणि तुमच्याकडे उरतं एक जाडजूड गुळगुळीत चाक. हे कुठल्याही चाचणीच्या तक्त्यात लिहिलेलं मला आजवर दिसलेलं नाही. तक्त्यात पकडीला पाचपैकी साडेचार तारे असतात. कुठल्या मातीत साडेचार, ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचं!

बरं, सगळ्यांचं लक्ष खुंटांच्या नक्षीवर असतं म्हणून दोन खऱ्या महत्त्वाच्या गोष्टी मागे पडतात. पहिली म्हणजे रबर. तापमान दोन-तीन अंशांवर आलं की रबर कडक होतं, उन्हाळ्यात चिकटणारं टायर डिसेंबरात लाकडासारखं वागतं. एकाच नावाचं, एकाच नक्षीचं टायर दोन-तीन प्रकारच्या रबरांत मिळतं. मॅक्सिसमध्ये मॅक्सग्रिप हे मॅक्सटेरापेक्षा मऊ, श्वाल्बेमध्ये अल्ट्रा सॉफ्ट हे सॉफ्टपेक्षा मऊ. मुळं आणि ओला दगड यांवर जीव वाचवतं ते रबर, नक्षी नव्हे. मऊ रबर लवकर झिजतं आणि जड चालतं, म्हणून ते पुढे लावावं, मागे नाही. पुढचं चाक घसरलं की माणूस पडतो, मागचं घसरलं की नुसता "अरेच्चा" म्हणतो. पुढे-मागे एकच टायर लावायचा हट्ट मला कधीच समजलेला नाही. पायात दोन सारखे बूट घालतो म्हणून का?

दुसरी गोष्ट हवा. आमच्याबरोबर येणारे एक नागपूरकर गृहस्थ आहेत, वयाने माझ्यापेक्षा वडील, स्वभावाने अतिशय गोड, पण टायरमध्ये हवा भरतात ती मालट्रकमध्ये भरल्यासारखी. त्यांना म्हटलं, "अहो, पस्तीस पीएसआय कशाला? ट्यूबलेस आहे तुमचं, पुढे बावीसवर या." तर म्हणतात, "तू सांगतोस ते ठीक आहे रे, पण मला नवीन टायर सुचव." आता काय बोलणार! ट्यूब काढून टाकल्यापासून पिंच पंक्चरची भीती गेली, त्यामुळे कमी हवेवर चालवता येतं. कमी हवेचं टायर मुळाभोवती वळतं, जास्त हवेचं त्यावरून उडतं. वजनाप्रमाणे आकडा बदलेल, पण दोन-तीन पीएसआयने जो फरक पडतो तो कित्येकदा साठ पौंडांच्या नव्या टायरनेही पडत नाही. हवा मोजायचं साधं डिजिटल यंत्र याच्या अंशभर किमतीत येतं. पण ते सायकलवर दिसत नाही ना, मग फोटोत काय दाखवणार? असो.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्याच्यासाठी एवढी दळण-कांडण केली.

आपल्याकडे शेतकऱ्याचा एक शब्द आहे, वापसा. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतलं पाणी इतपत मुरतं की माती ओली असते पण चिखल नसते, औत चालतं, पाय रुतत नाही. वापसा यायच्या आधी भारी रानात औत घालणाऱ्याला गावात वेड्यात काढतात. कारण माती दबते, वाळल्यावर दगडासारखी ढेकळं होतात, वर्षभर निस्तरत बसावं लागतं. नांगराचा फाळ कितीही उत्तम असो, वापसा नसेल तर तो खुंटीवरच. इतकी साधी गोष्ट. इंग्रजीत याला असा एका शब्दात बसणारा रोजचा शब्द मला सापडला नाही आणि कदाचित म्हणूनच इथल्या सायकलवाल्यांना हा प्रश्नच पडत नसावा. ते विचारतात कुठलं टायर. विचारायला हवं, वापसा आहे का?

इथे खाजगी शेतांमधून, जंगलांतून जाणाऱ्या ब्रायडलवे नावाच्या वाटा असतात, मूळच्या घोडेस्वारांच्या आणि पायी जाणाऱ्यांच्या. १९६८च्या कन्ट्रीसाइड ॲक्टने इंग्लंड आणि वेल्समध्ये सायकलवाल्यांनाही त्यांवरून जायचा हक्क दिला. अट अशी की पादचारी आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. आणि त्याच कायद्यात असंही म्हटलं आहे की सायकलींची सोय करून देण्याचं बंधन यातून कुणावरही येत नाही. म्हणजे आपण पाहुणे. आता पाहुण्यांनी डिसेंबरात, तीन दिवसांच्या पावसानंतर, चिकणमातीच्या वाटेवर उंच खुंटांची टायरं घालून वीस जणांनी जायचं, डबकं आलं की पाय ओले नकोत म्हणून कडेने जायचं, आणि चार फुटांची वाट तीन महिन्यांत बारा फुटांची करायची, हे कुठल्या घरात चालतं? मार्चमध्ये ती वाळली की चाकोऱ्या सिमेंटसारख्या कडक होतात. मग कुत्रं फिरवायला निघालेल्या सत्तरीच्या आजींचा पाय त्यात मुरगळतो.

"घोडे नाही का वाट खणत?" हा ठरलेला प्रतिप्रश्न. खणतात की. खुराचे खड्डे मी रोज बघतो. पण घोडेवाल्यांनी खड्डा केला म्हणून आपण चर खणायचा, हा युक्तिवाद पाचवीतल्या पोरासारखा आहे. आणि दुसरा युक्तिवाद, "मग हिवाळ्यात घरी बसायचं का?" हा जास्त रास्त आहे, आणि त्याचं उत्तर नाही असं आहे. जमीन बदला! थेम्सच्या दक्षिणेला सरे हिल्समध्ये लीथ हिल, होमबरी, पिच हिल या टेकड्या वालुकाश्माच्या आहेत. पाणी पडतं आणि मुरतं, ऐन जानेवारीतही बहुतेक वाटा चालवण्याजोग्या. त्याच टेकड्यांवरून खाली दक्षिणेला वील्डच्या चिकणमातीत उतरलात की खेळ खलास, म्हणून उतरायचं नाही. वेल्समधल्या कोएड-अ-ब्रेनिन किंवा आफानसारख्या ठिकाणी सायकलींसाठी मुद्दाम बांधलेल्या, दगड घातलेल्या वाटा आहेत, त्या असल्या हवेसाठीच बनवल्यात. गंमत म्हणजे या दोन्हीकडे ते उंच खुंटांचं टायर निरुपयोगी. मध्यम खुंट, मऊ रबर पुढे, जरा वेगवान टायर मागे, झालं काम. म्हणजे जिथे चिखलाचं टायर लागतं तिथे बहुतेक वेळा जायलाच नको, आणि जिथे जायला हवं तिथे ते लागत नाही.

शर्यतीत धावणाऱ्यांची गोष्ट निराळी. आयोजकाने वाट आखलेली असते, शेताच्या मालकाला विचारलेलं असतं, नंतर दुरुस्ती होते. त्यांनी हवं ते टायर लावावं. मी बोलतोय तुमच्या-माझ्यासारख्या रविवारच्या गड्यांबद्दल.

आणि माथ्यावरच्या जंगलाचंच वेड असेल, जे मलाही आहे, तर थंडीकडे बघा. रात्रभर गोठण पडलं की सकाळी साडेसातला तीच राड वीटभट्टीतून काढल्यासारखी कडक असते. टायर कुठलंही असो, चाक वाजत जातं, झाडांच्या शेंड्यांवर ऊन, खाली पांढरं दव, आणि कपड्यांवर एक शिंतोडा नाही. वाटेचं नुकसानही जवळपास नाही. पण दहा-साडेदहाला वरचा इंचभर वितळतो, खालचं गोठलेलंच राहतं, आणि तो निसरडेपणा सगळ्यात वाईट. तेव्हा घरी यायचं. उशिरा उठणाऱ्याला टायर नव्हे, गजर पाहिजे.

या शनिवारी हवामानखातं उणे तीन सांगतंय. नागपूरकरांना फोन केला होता, तर ते म्हणाले, "येतो, पण माझं नवीन टायर आजच आलंय, ते लावून." म्हटलं लावा की काका, फक्त हवा मी भरणार. पावणेसातला त्यांच्या दारात, दहाच्या आत परत, थर्मासमध्ये आल्याचा चहा.