हजेरीपुस्तक हरवलं, मुलं कुठे गेली?

मुलांनो, समजा एका सकाळी चौथीच्या वर्गाचं हजेरीपुस्तक हरवलं. मुख्याध्यापकांनी कोरं करकरीत नवं पुस्तक आणून टेबलावर ठेवलं. त्यात एकही नाव नाही. म्हणून वर्गात एकही मूल नाही, असं म्हणाल का? मुळीच नाही! चाळीसच्या चाळीस पोरं बाकांवर बसून गोंगाट करत असणार. कोण कुठे बसलंय हे कागदावर नाही, इतकंच.

संगणकातली फाइल पुसली जाते तेव्हा पुष्कळदा नेमकं हेच होतं. डिस्कवर एक यादी असते. अमुक नावाची फाइल, तमुक जागी. विंडोजमध्ये या यादीला मास्टर फाइल टेबल म्हणतात. फाइल पुसली की संगणक त्या नोंदीवर ‘ही जागा रिकामी’ अशी खूण करतो आणि हात झटकतो. आतला मजकूर खोडत बसायला फार वेळ लागतो ना! दुकानातले दादा ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकली’ म्हणतात, तेव्हाही बहुधा झटपट फॉरमॅट केलेला असतो. म्हणजे कोरं हजेरीपुस्तक आलं. बाकांवर मुलं जुनीच.

पण आता नवीन प्रवेश सुरू होतात. नवी विंडोज येते, ती स्वतःच कित्येक गिगाबाइट जागा अडवते. मग ती इंटरनेटवरून आणखी काय काय उतरवून घेते. हे सगळं बसणार कुठे? जिथे ‘रिकामी’ लिहिलंय तिथे! एका बाकावर नवा मुलगा बसला की तिथला जुना गेला, तो कायमचा. म्हणून फाइल गेल्याचं कळताच पहिलं काम कोणतं? काहीही न करणं. गाणी नको, गेम नको, प्रिंटरचं सॉफ्टवेअर तर नकोच नको.

आता थोडं सोपं बघू. कारण निम्म्या वेळा फाइल हरवलेलीच नसते, आपण चुकीच्या खोलीत शोधत असतो. आपल्याकडे पुष्कळ संगणकांत सी आणि डी असे दोन ड्राइव्ह केलेले असतात आणि फॉरमॅट फक्त सीला मारतात. तेव्हा आधी डी उघडा. मग सीमध्ये ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा फोल्डर आहे का बघा. जुन्यावरच, फॉरमॅट न करता, नवी विंडोज टाकली तर जुना संसार ती या फोल्डरात बांधून ठेवते. आत ‘युजर्स’मध्ये तुमच्या नावाखाली फोटो, निबंध सगळं सापडतं. मात्र घाई करा हं! अपग्रेड केल्यावर साधारण १० दिवसांनी विंडोज हा फोल्डर स्वतःच टाकून देते. आणि दुसऱ्या संगणकावरून किंवा आईच्या फोनवरून वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह बघा. त्यांच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते.

यातलं काहीच नसेल तर? आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलीचं ऐका. तिने आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून घरच्या जुन्या संगणकात ठेवल्या होत्या. चौदा ओव्या. आजी त्यानंतरच्या दिवाळीत गेली. पुढे संगणक फारच रेंगाळायला लागला म्हणून वडिलांनी तो दुकानात नेला. ‘डेटा डीमध्येच आहे ना?’ असं दुकानदाराने विचारलं आणि वडिलांनी मान डोलावली. (हा प्रश्न सगळीकडे असाच विचारतात. डी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही तो मान डोलावणार नाही तर काय करणार? दुकानात शहाणं मूल बरोबर न्यावं ते यासाठी.) ओव्या होत्या डेस्कटॉपवर. डेस्कटॉप सीमध्येच असतो.

संगणक घरी आला, मुलीने बघितलं, रडली. पण रडता रडता तिने संगणक बंद केला आणि कोणाला हात लावू दिला नाही. शाबास! मोठ्या भावाने हार्ड डिस्क काढून, केसिंगमध्ये घालून ती दुसऱ्या संगणकाला जोडली आणि रात्रभर ‘फोटोरेक’ चालवलं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ख्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या गृहस्थांनी ते लिहिलंय. नावात फोटो असला तरी ते शेकडो प्रकारच्या फाइली ओळखतं.

कसं ओळखतं, हे मला स्वतःला फार आवडतं. हजेरीपुस्तक नाही ना, मग ते एकेका बाकापाशी जाऊन गणवेश बघतं! प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या सुरुवातीला ठरावीक अक्षरं असतात. पीडीएफ फाइलच्या तोंडाशी टक्क्याची खूण आणि ‘पीडीएफ’ लिहिलेलं असतं. पुष्कळशा एमपीथ्री गाण्यांच्या सुरुवातीला ‘आयडी३’ असतं. वर्डची हल्लीची फाइल ‘पीके’ने सुरू होते. ही झिप पद्धत शोधणाऱ्या फिल कात्झ यांच्या नावाची आद्याक्षरं! तुमच्या इतिहासाच्या प्रकल्पातही ती गुपचूप बसलेली आहेत.

पण गणवेशावरून इयत्ता कळते, नाव कळत नाही. त्या मुलीला सकाळी हजारो फाइली मिळाल्या, नावाच्या जागी नुसते आकडे. विंडोजचे टिंगटिंग आवाजसुद्धा त्यात होते. शोधून शोधून अकरा ओव्या निघाल्या. त्यातल्या दोन मध्येच तुटलेल्या. फाइलचे तुकडे डिस्कवर लांबलांब पडले असतील तर ते जुळत नाहीत. उरलेल्या तिन्हींच्या बाकांवर नवी विंडोज बसली असणार. मग मावशीआजी येऊन बसली. ही भाऊबीजेची, ही पंढरीच्या वाटेवरची, असं तिने कान देऊन सांगितलं आणि मुलीने नावं घातली.

मायक्रोसॉफ्टचंही २०२० पासून ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ नावाचं फुकट साधन आहे, पण त्यात आज्ञा टाइप करायच्या असतात, तेव्हा मोठ्यांना बरोबर घ्या. कोणतंही वापरा, सापडलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा. त्याच डिस्कवर ठेवल्या तर सापडलेली मुलं हरवलेल्यांच्या बाकांवर बसवल्यासारखं होईल! डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र हे प्रयोग नकोत. थेट जाणकाराकडे न्या.

आई-बाबांनो, आता एक नकोशी गोष्ट. ही सगळी युक्ती जुन्या, फिरणाऱ्या हार्ड डिस्कची. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिथे फाइल पुसली की विंडोज ‘ट्रिम’ नावाची आज्ञा देते आणि एसएसडी ती जागा खरोखरच साफ करायला घेते. शाळा सुटताच शिपाईकाकांनी बाकसुद्धा उचलून न्यावेत, तसं! शिवाय पुष्कळ नव्या संगणकांत आणि फोनमध्ये सगळं कुलूपबंद असतं. फोन पूर्ण रिसेट केला की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. मग आतल्या मजकुराचा कोणालाच अर्थ लागत नाही. ‘रिसेट फोनमधले फोटो परत मिळवा’ अशी ॲपची जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवा.

विंडोज स्वतः रिसेट करणार असाल तर पडद्यावर दोन पर्याय येतात. ‘कीप माय फाइल्स’ म्हणजे तुमच्या फाइली राहतील, बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातील. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ म्हणजे सगळं जाईल. पहिला पर्याय निवडणार असलात तरी आधी दुसरीकडे प्रत काढा.

आणि प्रत काढली म्हणजे झालं असंही नाही हं. १९९८ साली पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू होतं. कोणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. वुडीची टोपी गेली, बूट गेले, मग अख्खा वुडी गेला! त्यांच्याकडे प्रती काढायची व्यवस्था होती, पण ती कितीतरी दिवस नीट चालतच नव्हती आणि हे कोणाला माहीतच नव्हतं. शेवटी गॅलिन सुसमन यांच्या घरी प्रत सापडली. बाळ लहान म्हणून त्या घरून काम करत असत. त्यांचा संगणक ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून कंपनीत आणला, तेव्हा कुठे सिनेमा पुढे सरकला.

तर या रविवारी घरातल्या संगणकावरचे जपून ठेवायचे फोटो, आवाज आणि निबंध एका पेनड्राइव्हवर उतरवा. मग तो पेनड्राइव्ह शेजाऱ्यांच्या नाहीतर मामाच्या संगणकाला लावून त्यातल्या दोन-तीन फाइली उघडून बघा. रेकॉर्डिंग असेल तर शेवटपर्यंत ऐका. एखादी उघडली नाही तर मूळ फाइल अजून जागेवर आहे, तेवढ्यात पुन्हा उतरवा.