रीळ फेकू नका

घरगुती फिल्मची जुनी रिळे पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत, यात वाद नाही. खटकते ते पुढचे. पेनड्राइव्ह हाती पडला की रीळ भंगारात जाते. अडगळ गेली म्हणून घरची मंडळी खूश!

वास्तविक अस्सल ऐवज रीळ हाच. थंड, कोरड्या जागी ॲसिटेटची फिल्म कित्येक दशके टिकते. पेनड्राइव्ह कधी मान टाकेल याचा भरवसा नाही. शिवाय त्यावर उतरलेले तरी धड असते का? कोडॅकने १९६५मध्ये आणलेल्या सुपर ८चे ५० फुटी रीळ सेकंदाला १८ चौकटींच्या गतीने ३ मिनिटे २० सेकंद चालते. तेच सेकंदाला २५ चौकटींनी उतरवले की अडीच मिनिटांच्या आत आटोपते आणि भिक्षावळीतले धीरगंभीर आजोबा लोकल पकडायची असल्यासारखे तुरुतुरु पळू लागतात. जुन्या फिल्मा अशाच असायच्या, असे म्हणून सगळे हसतात. नव्हत्या हो! भिंतीवर प्रोजेक्टर लावून समोरून मोबाइलने टिपणारे महाभाग तर निराळेच. चित्र लुकलुकते, आणि आक्रसलेल्या फिल्मची भोके प्रोजेक्टरच्या दात्यांत फाटतात ते वेगळेच. एकेक चौकट स्कॅन करणारा गाठावा, गतीचे आधी बोलून घ्यावे आणि रिळे मोजून परत आणावीत.

परत आणलेली रिळे माळ्यावर मात्र टाकू नयेत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ॲसिटेट कुजते आणि डब्यातून व्हिनेगरचा वास येऊ लागतो. ते आम्ल बंद डब्यात कोंडले की कुजणे वाढते, शेजारच्या रिळालाही लागण होते. असा वास येणारे रीळ वेगळे काढून सर्वांत आधी स्कॅनला द्यावे.

लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटींची घाई तर याहून मोठी. फीत शाबूत असली तरी लावणार कशावर? जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले.

आणखी एक. घरगुती रिळे बहुधा मुकी असतात आणि स्कॅन होऊन येणाऱ्या फाइलचे नाव ‘क्लिप ००१’. पाटावरचा बटू कोण, मागे परकरात उभी ती कोणाची मुलगी, हे सांगणारी एखादी आत्याच आता उरलेली असते. चित्र चालू असताना तिचे बोलणे रेकॉर्ड करून त्याच फोल्डरमध्ये ठेवावे. भाऊबीजेला ती येईलच. रिळे त्याआधी स्कॅन होऊन यायला हवीत.