भाऊ, सेमी-ऑटोमॅटिक कशाला?

“भाऊ, टार्गेट मारायला स्वस्तातली सेमी-ऑटोमॅटिक रायफल कोणती घ्यावी?” अमरावती-अकोल्याकडची हौशी पोरं असं विचारतात, जणू मोबाईलच घ्यायचाय! माझं म्हणणं, प्रश्नच चुकलाय.

एक तर कायदा. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक रायफली शस्त्र नियमांच्या प्रतिबंधित वर्गात मोडतात. हौस म्हणून त्यांचा परवाना मिळत नाही, आणि ‘जुगाड’ करून आणली तर हौस थेट तुरुंगात फिटते.

पण कायदा घटकाभर बाजूला ठेवा. या खेळालाच ती नकोय! कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं, ते एकेक गोळी भरून. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे भराभर चाप ओढणाऱ्याचं काय काम? छर्रा भरायला लागणारा वेळ हाच खरा गुरू. श्वास सावरा, मागचा नेम का हुकला ते बघा, मग पुढचा.

तेव्हा ०.१७७ इंची, २० ज्यूलच्या आतली साधी एअर रायफल घ्या. परवाना लागत नाही, छर्रेही स्वस्त. मात्र मागे मातीचा भक्कम बांध हवा, आणि समोर कागदच हवा. होला नाही, तितर नाही! उरलेले पैसे चांगल्या प्रशिक्षकाला द्या.

दहा सेकंदांत दहा गोळ्या उडवणं म्हणजे नेमबाजी नव्हे बाप्पा, ती वरातीतली फटाक्यांची लड झाली!