वर आरसा, खाली गंज

मालवणात गाडी विकत घेणं फारसं कठीण नाही. कठीण आहे ते ती समुद्राच्या नजरेला पडू न देणं. समुद्र दिसायला निळा आहे, फोटोत फार गोड येतो. पण लोखंडाच्या बाबतीत त्याचा स्वभाव सावकाराचा आहे. तो घाई करत नाही. रोज थोडं थोडं व्याज खातो आणि एक दिवस मुद्दलासकट उचलून नेतो. आमच्या खिडक्यांचे गज त्याने खाल्ले, विहिरीवरची कप्पी खाल्ली, सायकलची चेन तर तो जेवणानंतरच्या सुपारीसारखी चघळतो. अशा गावात मी आयुष्यातली दुसरी गाडी घेतली. पहिलीचं काय झालं ते पुढे येईलच.

गाडी दारात येऊन आठवडाही झाला नसेल तोच पुण्याहून पुतण्या आला. आल्या आल्या त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसारखा चेहरा करून विचारलं, "काका, कोटिंग?"

मी म्हटलं, "रंग आहे की."

"रंग सगळ्यांनाच असतो काका. सिरॅमिक कोटिंग केलं नाहीत?"

त्याच्या आवाजात अशी काही कळकळ होती, की मुंज न करता मुलाचं लग्न ठरवल्यासारखं मला अपराधी वाटलं. मग त्याने स्वतःची गाडी दाखवली. ती खरोखरच आरसा होती. मी तिच्यात पाहून केस सारखे केले. हिने तिच्यात पाहून कुंकू नीट केलं. दुसऱ्या दिवशी काका-पुतणे हायवेवरच्या एका चकाचक दुकानात हजर झालो.

दुकान कसलं, दवाखानाच तो. पांढरे दिवे, हातमोजे घातलेली पोरं, आणि एक गाडी ऑपरेशनच्या टेबलावर घेतल्यासारखी टेप लावून उभी. मालक तरुण होता आणि त्याला आपल्या विषयाची खरंच माहिती होती. त्याने सांगितलं, की आधी गाडी धुवायची, मग मातीच्या वडीने तिची कातडी साफ करायची, मग मशीनने घासून आधीचे ओरखडे घालवायचे, आणि मग छोट्या बाटलीतलं औषध फडक्याने अंगभर लावायचं. ते सुकलं की काचेसारखा थर तयार होतो.

"या औषधात असतं काय?" मी विचारलं.

"मुख्य म्हणजे सिलिका."

आयुष्य शाळेत गेल्यामुळे सिलिका म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. सिलिका म्हणजे वाळूचाच गाभा. आमच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर ती मैलभर पसरलेली आहे आणि उन्हाळ्यात पाहुणे ती चपलांतून आणून आमच्या गाद्यांवर फुकट ठेवून जातात. कणकवली तालुक्यात कासार्डे-पियाळीला सिलिका वाळूच्या खाणी आहेत, ट्रक भरभरून ती बाहेर जाते. सिंधुदुर्गातल्या माणसाला वाळू विकायची, आणि तीही बाटलीतून, याला धंद्यातली हिंमत म्हणतात. (बाटलीतलं रसायन वाळूइतकं साधं नसतं, हे मला मान्य आहे. पण बिलही वाळूइतकं साधं नसतं. ते पंचवीस हजार होतं.)

"हा थर नऊ-एच असतो काका," मालक म्हणाला.

पुतण्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की नऊ-एच म्हणजे परमवीरचक्राच्या जरा खालचं काहीतरी असावं. मी खोदून विचारलं. तेव्हा कळलं, की हा एच म्हणजे आपल्या पेन्सिलीवरचा एच. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली रंगावर दाबून ओढतात, आणि कोणत्या पेन्सिलीपर्यंत ओरखडा उमटत नाही ते पाहतात. त्या पट्टीत नऊ-एचच्या पुढे पेन्सिलच नाही. म्हणजे उद्या एखादा शाळकरी पोरगा पेन्सिल घेऊन माझ्या गाडीवर नाव लिहायला आला, तर त्याची घोर निराशा होणार. पण पस्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, पोरं गाडीवर पेन्सिलीने नाव लिहीत नाहीत. खिळ्याने लिहितात.

"आणि थर जाड किती?"

"एक-दोन मायक्रॉन."

माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. गाडीचा कारखान्यातला रंग, अस्तरापासून वरच्या पारदर्शक थरापर्यंत सगळा मिळून, शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास. त्याच्यावर हा दोनाचा! हत्तीला तलम मलमलीचा अंगरखा शिवावा तसा. आणि आमच्या अंगणात माड आहेत. माडावरून नारळ पडतो, तेव्हा तो खाली कोणत्या एचची गाडी आहे हे विचारून पडत नाही.

मग त्याने पाणी ओतून दाखवलं. थेंब गोल झाले, मोत्यांसारखे घरंगळून गेले. पुतण्याने "वा!" म्हटलं. मीही म्हटलं असतं, पण आमच्या न्हाणीघरामागे अळू आहे. जवळपास हाच खेळ मी लहानपणापासून दात घासताना फुकट पाहत आलो आहे. शिवाय अळवावरच्या पाण्याला आपल्या भाषेत काही फार टिकाऊ गोष्टीचं प्रतीक मानत नाहीत.

शेवटी दुकानदाराने नियम सांगितले. कोटिंगनंतर दोन-तीन दिवस पाणी लागता कामा नये, आठवडाभर साबण नको. तारीख होती आठ जून. मी बाहेर पाहिलं. आकाश देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत काळं झालं होतं. मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

आता, मी कोटिंगचा शत्रू नाही. न्यायाने बोलायचं तर त्याचे गुण आहेत. गाडी धुवायला सोपी जाते. तांबडी माती लवकर निघते. उन्हाने रंग फिका पडणं थोडं लांबतं. कावळ्याने केलेला अभिषेक वेळेवर पुसला तर डाग राहत नाही. ज्याची गाडी पुण्यात बंद गॅरेजमध्ये झोपते आणि ज्याच्या खिशात पंचवीस हजार नुसते खुळखुळत आहेत, त्याने जरूर करावं. माझं भांडण आहे ते 'गाडीचं संरक्षण' या शब्दांशी. दुकानाच्या पाटीवर हेच शब्द हातभर मोठ्या अक्षरांत होते. आणि पाच वर्षांच्या हमीच्या कागदावर, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरांत लिहिलं होतं: गंज वगळून.

अहो, मालवणात गंज वगळून गाडीला दुसरा आजार आहेच कुठे?

इथे माझ्या पहिल्या गाडीची कथा सांगायला हवी. ती पांढरी होती आणि तिच्यावर माझा फार जीव. दर रविवारी मी तिला मेण लावून पुसायचा. वाडीत तिला 'मास्तरांची नवरी' म्हणत. आठ वर्षांची झाली तरी बॉनेटवर ओरखडा नव्हता. एक दिवस कसालच्या रस्त्यावर चाक पंक्चर झालं. मी जॅक काढला, दाराखालच्या पट्टीला लावला आणि फिरवू लागलो. जॅक वर गेला. गाडी वर गेली नाही. जॅक गाडीच्या आत गेला! करंजी दाबल्यावर जसा आवाज होतो तसा आवाज झाला आणि पट्टीतून तांबडा भुगा सांडला. वरचा रंग मात्र शेवटपर्यंत झकास होता.

गॅरेजमध्ये गाडी वर टांगली तेव्हा मी तिला प्रथमच खालून पाहिलं. आठ वर्षांच्या संसारात प्रथमच! मेकॅनिकने ब्रेकच्या तेलाची नळी नखाने खरवडली, तर तिचे पापुद्रे निघाले. "ही कधीही फुटली असती," तो म्हणाला. आदल्याच आठवड्यात आम्ही त्या गाडीतून आंबोलीचा घाट उतरलो होतो. मागच्या सीटवर माझी मुलगी होती आणि तिच्या मांडीवर माझी नात. त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर सारखं येत होतं ते बॉनेट. चकचकीत. मेण लावलेलं.

हे असं का होतं ते कळायला फार शिकावं लागत नाही. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी उघडली की पुरे. पावसाळ्यात मीठ पाझरतं, म्हणून बायका त्यात तांदळाचे दाणे टाकतात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. समुद्रावरून येणारी हवा हेच मीठ गाडीच्या पोटाखाली, चाकांच्या कमानीत, दारांच्या आतल्या पोकळीत नेऊन बसवते. दुसरीकडे पाऊस थांबला की गाडी वाळते. इथे मीठ तिला वाळूच देत नाही. ओल, मीठ आणि लोखंड एकत्र आले, की गंजाचा कारखाना तीन पाळ्यांत चालतो. वरून पडणारा पाऊस गाडीचं टप आणि बॉनेट तरी धुऊन काढतो. पोट कोण धुणार? आणि दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला जी बारीक भोकं ठेवलेली असतात, ती आपल्या तांबड्या मातीने आणि पाल्याने बुजलेली असतात. म्हणजे दार नव्हे, तळंच ते. बाहेरून नऊ-एच, आत बेडकं.

दुकानातून परत आल्यावर मी हे सगळं शेजारच्या आबांना सांगितलं. आबांची हयात समुद्रात गेली. त्यांनी पुतण्याच्या गाडीभोवती प्रदक्षिणा घातली नाही. ते सरळ वाकले, खाली डोकावले आणि म्हणाले, "मास्तरानू, आमी होडी पयली खालसून बघताव. वरसून होडी कधी बुडना नाय. पाणी येता ता खालसून."

पंचवीस हजारांचा सल्ला त्यांनी विडी पेटवता पेटवता दिला.

आणि खरंच आहे. पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवायची, तिला झापांनी शाकारायचं, लाकडाच्या होडीला तेल पाजायचं, काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचं, ही कामं या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या झाली. आता फायबरच्या होड्या आल्या, तरी हंगामाआधी तळ तपासतातच. लोखंडी बोटींच्या तळाला जस्ताच्या वड्या बसवतात. समुद्र आधी जस्त खातो, लोखंड वाचतं. वडी झिजली की बदलायची. घरातल्या बापासारखं काम आहे ते. फक्त बापाला कोणी बदलत नाही.

समोरचा किल्लाच पाहा. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतलं असं सांगतात. शिसं काही कोणाला दिसत नाही. बोटीतून येणारा पर्यटक त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढत नाही. पण साडेतीनशे वर्षांवर लाटा येऊन आपटताहेत आणि तट उभा आहे.

आणि त्याच किनाऱ्यावर, राजकोटला, ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराजांच्या पस्तीस फुटी पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. कारणं पुष्कळ सांगितली गेली. जोडकाम, आतला सांगाडा. पण त्यांत गंजही होता. खाऱ्या वाऱ्याने नट-बोल्ट गंजताहेत असं बांधकाम खात्याने काही दिवस आधी लिहूनही कळवलं होतं. हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही, म्हणून मी इथे हसत नाही. २०२५ मध्ये तिथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. पण त्या ऑगस्टात सगळं मालवण मान खाली घालून फिरत होतं, ते मी पाहिलं आहे. या किनाऱ्यावर जे दिसत नाही तेच आधी सांभाळावं लागतं, हा धडा आम्हाला इतका महाग पडला. तो गिरवायला निदान आपल्या गाडीपासून सुरुवात करू या, एवढंच माझं म्हणणं.

पण आपण मध्यमवर्गीय माणसं. आपल्याला चार लोकांनी पाहील तिथे खर्च करायची सवय. दिवाळीला दिवाणखाना रंगवतो, गळणाऱ्या कौलांखाली बादली ठेवतो. आणि गाडीचं पोट काही शेजारी येऊन पाहत नाहीत.

मी पंचवीस हजार दिले नाहीत. त्याच्या पाचव्या हिश्शात गाडीच्या पोटाला आणि पोकळ्यांना गंजरोधक मेण मारून घेतलं, आणि दरवर्षी पावसाआधी ते तपासून घ्यायचं ठरवलं. माडाच्या हिराने दारांची भोकं मोकळी करतो. आठवड्यातून एकदा पाइप घेऊन गोड्या पाण्याने खालून धुतो. पाणी गोडं हवं हे महत्त्वाचं. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी खाऱ्या असतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे तापातल्या माणसाला पावसात उभं करणं. आणि ओहोटीला वाळूवर गाडी न्यायची नाही, कितीही सुंदर सूर्यास्त होत असला तरी.

यावरून आठवलं. पुतण्याने जाण्याआधी तेच केलं. आरशासारखी गाडी वाळूवर उभी करून तिच्यात सूर्य मावळतानाचा फोटो काढला. फोटो उत्तम आला. मात्र गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टर लागला, आणि तिचं पोट पांढऱ्या मिठाने माखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दोन गाड्यांखाली उताणे पडून पाइप मारत होतो. वाटेने जाणाऱ्या एका गृहस्थांनी हिला विचारलं, "काय झालं? दोन्ही गाड्या बिघडल्या?"

ही म्हणाली, "नाही हो. गाड्या ठीक आहेत. हे दोघं आत्ता दुरुस्त होताहेत."

माझी गाडी आता फारशी चकाकत नाही. तिच्यात पाहून कुंकू लावता येत नाही. कावळ्यांना ती आवडते, असं तिच्या टपावरून दिसतं. पण परवा मी मुद्दाम जॅक काढला, दाराखालच्या पट्टीला लावला आणि फिरवला.

गाडी वर गेली.