गे प्रेमकादंबऱ्या : धडगावच्या वाचकाला त्यात आपलं गाव का सापडत नाही?

धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण. चारही बाजूंनी सातपुडा, उत्तरेला नर्मदा. आमचूरसाठी प्रसिद्ध असलेला हा भाग. तळोद्याकडे उतरायचं तर चांदसैली घाट लागतो आणि पावसाळ्यात तिथे दरड कोसळली की रस्ता बंद. पण मोबाइलला रेंज असली की जगातलं कुठलंही पुस्तक घाट चढून वर येतं.

आता समजा, इथल्या एखाद्या विशीतल्या वाचकाला दोन मुलांची प्रेमकथा वाचायची आहे. सर्च केलं की ‘हार्टस्टॉपर’ सापडतं, ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’ सापडतं. पहिल्यात इंग्लंडमधल्या शाळेतली दोन मुलं, दुसऱ्यात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा आणि ब्रिटनचा राजपुत्र. वाचायला मजा येते. पण पुस्तक संपल्यावर प्रश्न उरतो, की हे सगळं आपल्याकडे, आपल्या भाषेत, आपल्यासारख्या घरात कधी घडणार?

या कादंबऱ्यांबद्दल वाचक जगभर तीन गोष्टींवर भांडतात : शेवट कसा असावा, लिहिणारा कोण असावा आणि गोष्ट कोणाची असावी. तिन्ही प्रश्न मराठी वाचकाला कसे लागू होतात, ते पाहू.

‘शेवट गोड’ हा एवढा मोठा मुद्दा का?

रोमान्स या प्रकाराचा एक साधा नियम आहे. गोष्टीच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट आशेचा हवा. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत हा नियम कोणाला खटकत नाही. गे प्रेमकथेत मात्र हाच नियम बराच काळ गुन्ह्यासारखा होता.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे ई. एम. फॉर्स्टर. हा इंग्रज लेखक १९२१ मध्ये देवास थोरली पाती या मराठा संस्थानात महाराजांचा खासगी सचिव होता. त्याच्या कित्येक वर्षं आधी, १९१३-१४ मध्ये, त्याने ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहून ठेवली होती. दोघं शेवटी एकत्र राहतात, हे त्याने ठरवूनच लिहिलं. नायकाने जीव दिला असता किंवा तो तुरुंगात गेला असता, तर पुस्तक छापणं सोपं गेलं असतं, याची त्याला कल्पना होती. कादंबरी प्रसिद्ध झाली १९७१ मध्ये, फॉर्स्टरच्या मृत्यूनंतर वर्षभराने.

मराठीतही हाच धागा दिसतो. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा ही त्याची नायिका. त्या काळात हे धाडसच होतं. पण मित्रा शेवटी आत्महत्या करते.

म्हणून आज एखादा वाचक म्हणतो की ‘मला रडायचं नाही, मला दोघं सुखात हवेत’, तेव्हा तो हलकंफुलकं काहीतरी मागतोय असं समजू नका. आपल्यासारख्या माणसाचं आयुष्य वाईटच संपणार, हे त्याने पुरेसं वाचलेलं असतं.

मराठीत अशी पुस्तकं आहेत का?

आहेत, पण मोजकी. सगळ्यात जास्त चर्चेतलं नाव म्हणजे सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’. मौज प्रकाशनाची ही कादंबरी २००६ मध्ये आली. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, तिथे राहायला आलेला एक तरुण भाडेकरू आणि त्याच एका मुलाच्या प्रेमात पडलेले भाऊ-बहीण, तनय आणि अनुजा. आधी तनय बोलतो, मग अनुजा. जेरी पिंटो यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सवर चित्रपट आला. गंमत अशी, की पडद्यावर पुण्याचं कोची झालं आणि मराठी घराची हिंदी-इंग्रजी.

दुसरं नाव बिंदुमाधव खिरे यांच्या ‘पार्टनर’चं. खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला. समलैंगिकतेवर मराठीत सातत्याने लिहिणाऱ्या अगदी थोड्या लोकांपैकी ते एक. पण इथे वाचकाची एक छोटी अडचण होते. ‘पार्टनर’ शोधलं की आधी व. पु. काळेंची कादंबरी समोर येऊ शकते. नाव एकच, पुस्तकं पूर्ण वेगळी.

मुंबईत घडणारी, पण इंग्रजीत लिहिलेली एक महत्त्वाची कादंबरी म्हणजे आर. राज राव यांची ‘द बॉयफ्रेंड’ (२००३). त्यात मध्यमवयीन पत्रकार युदी आणि दलित तरुण मिलिंद यांचं नातं आहे. प्रेम झालं म्हणून जात आणि पैसा बाजूला होत नाही, हे ती सरळ दाखवते.

पण रोमान्सच्या नियमाने पाहिलं, तर यातली कुठलीच ‘शेवट गोड’वाली गोष्ट नाही. तनयला तो मुलगा मिळत नाही. मिलिंद शेवटी लग्न करून मोकळा होतो.

लिहिणारा कोण, याने फरक पडतो का?

इंग्रजीतल्या गे रोमान्सच्या लेखक आणि वाचकांमध्ये स्त्रियांचा वाटा मोठा आहे. १९७० च्या दशकात ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमकथा लिहिल्या, त्यातही स्त्रियाच पुढे होत्या. त्यामुळे आक्षेप येतो : हे गे मुलांचं आयुष्य आहे, की दुसऱ्याच कोणाचं स्वप्न?

आक्षेपात तथ्य आहे. काही पुस्तकांत दोन्ही नायक देखणे, श्रीमंत, आणि घरच्यांची अडचण दोन पानांत सुटते. पण ‘आधी सांग, तू स्वतः कोण आहेस’ ही मागणी घातकही ठरते. बेकी अल्बर्टली या लेखिकेच्या कादंबरीवर ‘लव्ह, सायमन’ हा चित्रपट आला. बाहेरच्या बाईने हे का लिहावं, अशी टीका तिच्यावर होत राहिली. शेवटी २०२० मध्ये तिने आपण बायसेक्शुअल असल्याचं जाहीर केलं, तेही या दबावामुळे. ‘हार्टस्टॉपर’मधला अभिनेता किट कॉनर याच्यावर २०२२ मध्ये अठराव्या वर्षी हीच वेळ आली.

लहान गावात तर हा मुद्दा आणखी नाजूक. तिथे नाव आणि आडनाव सांगितलं की घर कळतं. टोपणनावाने लिहिणाऱ्याला ‘खरा की खोटा’ विचारण्यापेक्षा त्याची गोष्ट खरी वाटते का, एवढं पाहिलेलं बरं.

कायद्याचा आणि कादंबरीचा काय संबंध?

‘कोबाल्ट ब्लू’ आली तेव्हा कलम ३७७ नुसार समलैंगिक संबंध गुन्हा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलासा दिला, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये तो काढून घेतला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून कायमचे बाहेर काढले. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टाने समलैंगिक विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो विषय संसदेचा असल्याचं सांगितलं.

म्हणजे प्रेम गुन्हा नाही, पण लग्नही नाही. मग मराठी गे रोमान्सचा गोड शेवट दिसेल कसा? अमेरिकी कादंबरी लग्नावर संपू शकते. इथे कदाचित तो शेवट म्हणजे आईने दोघांचं ताट एकत्र वाढणं. किंवा गाव न सोडता राहता येणं.

मग गावाची गोष्ट कोणी सांगितली?

पुस्तकाआधी चित्रपटाने. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ २०२५ च्या सनडान्स महोत्सवात गेला आणि जागतिक चित्रपट विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला. वडिलांच्या मृत्यूनंतर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो आणि तिथे त्याला बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. लग्नासाठी मागे लागलेले नातेवाईक आहेत, शेळ्या आहेत, निवडुंगाची फळं आहेत. आणि प्रेम केलं म्हणून दोघांच्या वाट्याला शिक्षा येत नाही. कानवडे यांनी हे स्वतःच्या अनुभवातून उभं केलं.

अर्थात तेही पश्चिम महाराष्ट्रातलं गाव. धडगावच्या पोराच्या घरात पावरी बोलली जाते, शाळेत मराठी आणि मोबाइलवर हिंदी-इंग्रजी. तो इंग्रजी रोमान्स वाचतो तेव्हा आधी भाषेचा घाट चढतो, मग शहराचा, मग पैशाचा. आणि फोन घरात सगळ्यांचा असेल, तर वाचून झाल्यावर सर्च हिस्टरी पुसण्याचं कामही असतंच.

प्रतिलिपीसारख्या ॲपमुळे मराठीत प्रेमकथा लिहायला आता प्रकाशक लागत नाही, पुण्याला जावं लागत नाही. टोपणनावही चालतं. सनडान्सला ज्युरीने निवडलेली गोष्ट एका मराठी गावातली होती, त्यामुळे ‘गावाकडचं कोण वाचणार’ हे कारणही आता टिकत नाही. सातपुड्यातली अशी गोष्ट उद्या आली, तर तिच्यात राजपुत्र नसेल. पण आमचुरासाठी अंगणात वाळत घातलेल्या कैऱ्या असतील आणि शेवटच्या पानावर दोघंही जिवंत असतील, एवढी अपेक्षा काही फार मोठी नाही.